रुमालाखालचे आकडे

माझा मुलगा लोकांना सांगतो, "आबांची मांजरी गावाला शेती आहे." शेती आहे, खोटं नाही. पण ती म्हशींच्या व्यापारातून घेतली, आणि याचं इंजिनिअरिंगही त्याच म्हशींवर झालं. चाळीस वर्षं मी बाजारोबाजार फिरून सौदे केले. कोथरूडच्या सोसायटीत तेवढं एक वाक्य उच्चारायला याची जीभ रेटत नाही. हा राग मी मनात ठेवला आहे आणि तो ठेवण्याचा मला हक्क आहे.

नातीच्या शाळेत पालकांनी एक दिवस वर्गात बसायचं असं ठरलं, तेव्हा याचा फोन आला. "आम्हा दोघांना ऑफिस आहे. तुम्ही मोकळेच असता ना?"

मोकळा तर होतोच. बायको जाऊन तीन वर्षं झाली. पाच खोल्यांचं घर आहे. शनिवारी सकाळी नात यायची, रविवारी संध्याकाळी जायची. बाकीचे पाच दिवस मी कुलूप काढायचो आणि कुलूप लावायचो.

ती पहिल्यांदा राहायला आली तेव्हा सहा वर्षांची होती आणि दिवसभर एक शब्द बोलली नव्हती. मलाही लहान मुलांशी काय बोलायचं ते येत नाही. माझा जन्म व्यापाऱ्यांशी भांडण्यात गेला. शेवटी मी खांद्यावरचा रुमाल काढला, आमच्या दोघांच्या हातांवर टाकला आणि खाली तिची बोटं धरली.

म्हशीचा भाव आमच्यात असाच ठरतो. विकणारा आणि घेणारा समोरासमोर उभे राहतात, हातांवर कापड टाकतात आणि खाली एकमेकांची बोटं दाबतात. भोवती पन्नास माणसं असली तरी आकडा दोघांतच राहतो. एक बोट म्हणजे एक, चार बोटं म्हणजे चार, अख्खा पंजा म्हणजे पाच. शून्यं कोणी दाबत नाही. समोर रेडकू असेल तर चार म्हणजे चार हजार, दुधाची म्हैस असेल तर चाळीस हजार. जनावर पाहून ते कळतं. ज्याला कळत नाही त्याने बाजारात येऊ नये.

पोरीने हे दोन शनिवारांत उचललं. ओसरीवरची प्लॅस्टिकची खुर्ची म्हणजे म्हैस. मी तीन बोटं दाबली की ती मान हलवून पाच दाबायची. मी उठून चालायला लागलो की सदऱ्याला धरून मागे ओढायची. तासन् तास सौदा चाले. घरात आवाज नसे, पण बोलणं चालू असे. शनिवारची वाट मी बुधवारपासून बघायचो.

तर त्या दिवशी मी दुसरीच्या वर्गात मागच्या भिंतीशी एका बुटक्या खुर्चीवर बसलो. गुडघे हनुवटीला लागत होते. बाकी सगळ्या पोरांच्या आया आल्या होत्या. आमची पोर खिडकीजवळच्या बाकावर एकटीच बसली होती. बाकीचे बाक दोघादोघांचे.

माझ्या पुढ्यातल्या एका पोराने मागे वळून विचारलं, "तुम्ही झिरोचे आजोबा का?"

"कोण झिरो?"

"ती. तिला झिरो येत नाही, म्हणून आम्ही तिला झिरो म्हणतो."

मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो वळला तो पुन्हा वळला नाही.

बाई माझ्या सुनेच्या वयाच्या होत्या. त्यांनी आइस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधून आणले होते. चार गठ्ठे वर धरले. "किती काड्या?"

"चाळीऽऽस!"

मग त्या खिडकीकडे वळल्या. "तू सांग बघू."

नात उभी राहिली. तिने गठ्ठ्यांकडे नीट पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "चार."

वर्ग खिदळला. कोणीतरी "झिरो, झिरो" केलं. बाईंनी त्याला गप्प केलं. मी पोरीच्या हातांकडे बघत होतो. स्कर्टच्या घडीत तिने डाव्या हाताने उजव्या हाताची चार बोटं घट्ट धरली होती. ही चूक पुऱ्या कोथरूडात दुसऱ्या कुठल्या पोराची होणं शक्य नव्हतं.

मधल्या सुट्टीत बाईंनी मला थांबवलं. "आजोबा, घरून कळलंच असेल तुम्हाला."

"मला कोणी काही कळवत नाही. बोला."

त्यांनी वही उघडली. तीस अधिक वीस, उत्तर पाच. नव्वद वजा पन्नास, उत्तर चार. पानामागून पान, लाल खुणांनी भरलेलं. "वर्गात सगळ्यांच्या आधी गणित सोडवते, पण शून्य म्हणून लिहीत नाही. दोन महिने सांगतेय. घरच्यांनी सोमवारी मुलांच्या तज्ज्ञ डॉक्टरांची वेळ घेतली आहे. त्यानेही फरक पडला नाही तर गणिताच्या तासाला तिला पहिलीत बसवावं लागेल."

दोन महिने! दोन महिन्यांचे सगळे शनिवार पोर माझ्या घरी होती आणि मला कोणी एका शब्दाने सांगितलं नाही.

राग बाजूला ठेवून हिशेब करायची मला सवय आहे. खरं सांगितलं तर शनिवार जातील. नाही सांगितलं तर सोमवारी पोरीला डॉक्टरपुढे बसवतील. मी मधला रस्ता काढला.

"बाई, पंधरा दिवस द्या. तोवर घरी काही बोलू नका. पंधरा दिवसांत शून्य लिहायला लागली नाही तर तुम्ही म्हणाल ते."

"सोमवारी वेळ घेतली आहे हो त्यांनी."

"मग आठ दिवस द्या. वेळ पुढे ढकलायला मी सांगतो."

"आजोबा, भाजी घेताय का?" त्यांनी वही मिटली. "आणि आठ दिवसांची एवढी खात्री कशी तुम्हाला? तुम्हाला काहीतरी माहीत आहे."

समोरच्याचा दुखरा भाग हेरायचं काम जन्मभर मी केलं. त्या दिवशी ते त्या बाईंनी केलं. मी नातीला हाक मारली, खांद्यावरचा रुमाल तिच्या हातावर टाकला आणि पंजा व दोन बोटं दाबली.

"किती?"

"सात."

"बाईंच्या हातातले गठ्ठे असतील तर?"

"सात गठ्ठे."

"आणि सगळ्या काड्या सुट्या केल्या तर?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच कच्चा आहे. "सत्तर. पण ते दिसतंच ना आबा, गठ्ठे समोर असतात."

मग मी बाईंना सगळं सांगितलं. त्या आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या. "म्हणजे हिला सगळं येतंय." त्या नातीसमोर खाली बसल्या. "हे बघ, वहीत गठ्ठे दिसत नाहीत. म्हैसही दिसत नाही. वाचणाऱ्याला कसं कळणार? म्हणून शून्य काढायचं."

"मग आधी सांगायचं ना!" नात म्हणाली.

सुट्टीनंतर तिने फळ्यावर पाच गणितं सोडवली, पाचही बरोबर. बाईंनी तिला खिडकीपासून उठवून एका मुलीशेजारी बसवलं. शाळा सुटेपर्यंत त्या दोघींची कुजबुज चालू होती. तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मी बुटक्या खुर्चीवर बसून राहिलो. शेजारच्या आया आपापल्या पोरांना खुणा करत होत्या.

घरी कोण सांगणार, असं बाईंनी विचारलं होतं. मीच सांगतो म्हणालो. फाटकाबाहेर उभा राहून मुलाला फोन लावला.

सगळं ऐकून तो म्हणाला, "म्हणजे हे तुम्ही शिकवलंत."

"खेळ होता तो."

"दोन महिने आम्ही धड झोपलो नाही, आबा."

"मग मला विचारायचं होतं!"

"तुम्हाला काय विचारणार? म्हशींबद्दल?"

मग मी काय बोललो ते लिहीत नाही. वॉचमन खुर्चीवरून उठून उभा राहिला, एवढंच सांगतो.

माझं ओरडून झाल्यावर मुलगा थंडपणे म्हणाला, "काही दिवस शनिवारी तिला इकडेच राहू दे. तिला एक क्लास लावायचाय."

"काही दिवस म्हणजे किती? आकडा सांग."

"महिन्यातून एकदा पाठवतो."

"तीनदा."

"दोनदा. आणि ते बोटांचं बंद."

बाजारात या ठिकाणी मी पाठ फिरवतो आणि चालू लागतो. दहा पावलांच्या आत मागून हाक येते, नेहमी येते. फोन ठेवला असता तर हाक आली नसती, हे मला ठाऊक होतं. मी म्हणालो, "बरं."

इतक्या लवकर मी आयुष्यात कुठल्याच सौद्याला "बरं" म्हटलं नव्हतं. त्यालाही ते नवीन असावं, कारण त्याने "नक्की?" असं विचारून घेतलं. मग म्हणाला, "नीट जा घरी."

मी खरं सांगितलं म्हणून पोर दुसरीत राहिली, डॉक्टर टळला, पोरांनी तिला झिरो म्हणणं सोडलं. या सौद्यात सगळ्यांचं भलं झालं आणि शनिवार फक्त माझे गेले. याबद्दल मला आजही कोणी आभाराचा शब्द बोललेलं नाही.

नंतर ती पहिल्यांदा आली ती तिसऱ्या शनिवारी. जेवण झाल्यावर ओसरीवर बसून तिने गृहपाठ केला. शून्यं मोठी, गरगरीत काढली होती. वही मिटून ती माझ्यासमोर येऊन बसली. मी हात मांडीवर ठेवून बसलो होतो.

"आबा, बोला ना काहीतरी."

मी खांद्यावरच्या रुमालाची घडी करून ती बाजूला ठेवली.

"शाळा कशी चाललीय?"

"छान."

पुढे काय विचारायचं ते मला सुचेना.