भुऱ्याच्या गळ्यातला म्हशीचा बिल्ला

फुलवंता, चिडू नकोस. तुझ्यावर लिहिते आहे म्हटल्यावर तू पहिलं हेच विचारशील, "मंजूवर लिहिलं का?" नाही लिहिलं. पण ती यात येणार. तिच्याशिवाय तुझी गोष्ट सांगायला बसले तर दोन वाक्यांत संपेल. तोंडावर बोललेलं तू ऐकून घेत नाहीस, म्हणून कागदावर सांगते. आणि परक्या बाईची गोष्ट असली की तू कान देऊन ऐकतेस, म्हणून परकीची असल्यासारखीच सांगते. ऐक.

गोंदिया जिल्ह्यातल्या देवरीच्या अलीकडे, हायवेपासून आत वळलेल्या एका गावात एका आंगणाला दोन घरांची दारं आहेत. उगवतीकडचं फुलवंताचं, मावळतीकडचं तिच्या धाकट्या जावेचं, मंजूचं. दोघींचे नवरे सख्खे भाऊ; ते वेगळे झाले तेव्हा धानाच्या शेतातल्या बांध्या वाटल्या, बैल वाटले, पाण्याची पितळी गुंडं वाटली. आंगण तेवढं राहिलं, कारण मधात भिंत घातली असती तर बैलबंडी वळली नसती. आता बंडी नाही, दोन्ही भाऊही नाहीत, पण आंगण तसंच आहे. फुलवंताचं आयुष्य या आंगणाच्या एका कडेला बसून दुसरी कडा पाहण्यात गेलं.

बाई कामाची. धानाच्या रोवणीला उभी राहिली की तरण्या पोरी मागे पडत. दहावी झालेली, हिशेबाला पक्की, गायीम्हशींचे विमे स्वतः उतरवणारी. पण मंजूच्या वड्या पांढऱ्या वाळल्या की हिला आपल्या पिवळट दिसायच्या, डाळ एकाच पोत्यातली असली तरी. मंजूकडे पाहुणे आले की ही आपल्या ओसरीतून चपला मोजायची. हा स्वभाव तिला ठाऊक नव्हता असं नाही. "मी जळकी नाही," ती म्हणायची, "मी पाहतो फक्त."

आणि या आंगणात भुऱ्या होता. कुठून आला कोणी सांगू शकत नाही. फुलवंता म्हणते बोअरिंग खोदली त्या वर्षी तिच्या दारात आला, मंजू म्हणते तिच्या मुलाचं, खुमेंद्रचं लग्न झालं त्या वर्षी मांडवात शिरला. कुत्रा मातकट रंगाचा, एक कान उभा, एक लोंबता. पोटभर भात आणि माशाची डोकी खायचा फुलवंताकडे, आणि झोपायचा मंजूच्या उंबऱ्यावर.

"जेवण माझ्याकडं आन् झोप तिच्याकडं," फुलवंता म्हणायची. "असं तर नवऱ्याचंबी कोणी चालवून घेत नाही."

दिवाळीत खुमेंद्रची बायको सोनिका नागपूरहून आली. तिच्याकडे लॅब्राडोर आहे. आंगणात फराळ चालला असताना तिने सांगितलं की कुत्र्याने पायमोजा गिळला, ऑपरेशन करावं लागलं, आणि बहुतेक खर्च विम्याच्या कंपनीने दिला.

"कुत्र्याचा विमा?" फुलवंताने हातातली चकली खाली ठेवली.

"हो मोठ्या आई. चार कंपन्या बघून घेतला."

"आमची सोनिका हुशार आहे," मंजू म्हणाली. "मुक्या जनावराचंबी पाहून ठेवते."

ते 'आमची' फुलवंताला खुपलं. मंजूच्या सुनेच्या कुत्र्याला विमा, आणि आपल्या दारच्या कुत्र्याला साधा पट्टा नाही. पट्ट्यापाशी तिचा विचार थांबला आणि तिथून भलतीकडे गेला. जनावराच्या विम्याचं तिचं सारं शिक्षण गोठ्यातलं. तिथला पहिला धडा असा की कानात बिल्ला नाही तर क्लेम नाही. एका म्हशीचा कान कुंपणाला फाटून पिवळा बिल्ला गळाला होता. नवा लावल्यावर जुना तिने डब्यात जपून ठेवलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो नायलॉनच्या दोरीत ओवून भुऱ्याच्या गळ्यात आला. कुत्रा आता म्हशीचा नंबर घेऊन गावभर हिंडू लागला, आणि फुलवंता बस धरून देवरीला ओमेशच्या ऑनलाइन सेंटरवर गेली.

ओमेशने बिल्ल्याचं ऐकलं आणि हसू दाबत कंपन्या उघडल्या.

"काकू, ही पहिली फक्त जातिवंत कुत्रे घेते. आपला गावठी."

"गावात राहते तो गावठीच राहीन ना. तूबी गावठीच हाय. पुढची पाह्य."

"ही गावठी घेते. पण मेल्यावरच देते, इलाजाचं काही नाही."

"हे बराबर हाय. म्हशीचं असंच असते."

"तिसरी इलाजाचं देते. ऑपरेशन, ॲडमिट, सारं. पहिला महिना सोडून. जुना आजार चालत नाही, म्हातारा कुत्रा चालत नाही, लस टोचलेली पाहिजे."

"जित्या जनावराचे पैसे देते?" फुलवंताने स्क्रीनकडे संशयाने पाहिलं. "मंग कंपनी चालते कशी?"

"सोनिकावहिनीची अशीच आहे."

"मंग हीच पाह्य. बिबट्यानं नेला तं?"

"तसं कुठं लिहिलं नाही."

"लिहिणाऱ्यानं बिबट पाह्यला नसन. गाय मारली तं पंचनामा होते, कुत्र्याचा काऊन नाही?"

ओमेश पुढे वाचत गेला. कुत्रा बाहेरच्या माणसाला चावला तर कंपनी भरते, घरच्याला चावला तर नाही. एवढं वाचून तो गमतीने म्हणाला, "मंजूकाकू घरच्या का बाहेरच्या?"

फुलवंताने उत्तर द्यायला वेळ घेतला नाही. "बाहेरची. रेशनकार्ड वेगळं हाय, चूल वेगळी हाय. आन् मालकाच्या जागी माझं नाव लिही. पूर्ण लिही."

खरं तर याच एका रकान्यासाठी ती बसचे धक्के खात आली होती. इलाज, ऑपरेशन सगळं नंतर. भुऱ्या कोणाचा, हे एकदा छापील अक्षरांत यायला हवं होतं.

कंपनीला फोटो हवे होते. कुत्रा समोरून, बाजूने, नाक अगदी जवळून, आणि एक मालकासोबत. नाकाचं ऐकून फुलवंता खूश झाली. "माणसाचा आंगठा, कुत्र्याचं नाक. हे मात्र शहाणपणाचं केलं."

रविवारी ओमेश मोबाईल घेऊन आंगणात आला. फुलवंता लग्नाकार्याला नेसायचं पातळ नेसून तयार होती. भुऱ्याने तिच्या हातचा दूधभात चाटूनपुसून खाल्ला आणि उठून चालू लागला. तिने दोरी धरली तर त्याने मान मागे ओढली, बिल्ला खडखडला. जबडा धरायला गेली तर तो तिच्या पदराखालून निसटला. बाजूचा फोटो तरी यावा तर शेपटीच आली.

मंजू आपल्या ओसरीत सुपात तांदूळ पाखडत होती. बराच वेळ तिने पाहिलं.

"बाई, भुऱ्या दूध कवापासून देऊन राहिला?"

"तुझ्या पोटात कायले दुखते?"

"बिल्ला पाह्यला म्हणून म्हटलं."

मग तिने सूप बाजूला सारलं, आंगणात खाली बसली आणि नुसतं "ये" म्हणाली. भुऱ्या गेला. तिच्या तळहातावर हनुवटी टेकून डोळे मिटून राहिला. ओमेशने नाकाचा फोटो घेतला. इतका स्वच्छ आला की नाकावरच्या रेघा मोजाव्या.

"आता मालकासोबत," ओमेश म्हणाला.

फुलवंता भुऱ्याच्या शेजारी येऊन बसली, मंजू बाजूला झाली. फोटोवर फोटो निघाले. प्रत्येकात फुलवंता ताठ बसलेली, आणि कुत्रा मान वळवून चौकटीबाहेर पाहणारा.

"फोटो तं आला काकू," ओमेश खजील होऊन म्हणाला, "पण पाहणारा म्हणन, मालक फोटोच्या बाहेर हाय."

मंजू हसली. वाईट हसली नाही. पण फुलवंताची चाळीस वर्षांची जळजळ वर आली.

"हास तू. तुलेबी मिळन मंजू, घाबरू नको. भुऱ्या चावला तं कंपनी देईन. बाहेरच्या माणसात लिहिलं हाय तुले."

मंजूचा हात एव्हाना परत भुऱ्याच्या डोक्यावर गेला होता; तो तिने काढून घेतला.

"बाहेरच्या माणसात."

"चूल वेगळी नाही का?"

"हाय ना. बरं झालं बाई, लिहून घेतलं ते." ती उठली, सूप उचललं आणि आत गेली. तिचं दार दिवसा कधी लोटलेलं नसे. त्या दिवशी लोटलं.

भुऱ्या दारापर्यंत गेला, परत फुलवंतापर्यंत आला, आणि आंगणाच्या बरोबर मधात, जिथे बंडी वळायची तिथे पडून राहिला. तेव्हापासून तो तिथेच झोपतो. फुलवंताला हवं होतं ते अर्धं मिळालं. मंजूच्या उंबऱ्यावरचा कुत्रा हलला. स्वतःकडे मात्र आला नाही. थंडीत तिने आपल्या दाराशी जुनी गोधडी टाकून पाहिली. त्याने हुंगली आणि मधात जाऊन पडला.

ओमेशने दुसरी वाट काढून दिली. मालकासोबतचा फोटो नको, कातडीखाली चिप बसवून घ्या, तिच्यात मालकाचं नाव राहते, कंपनीला तेही चालते. ते काम गोंदियाच्या एका जनावरांच्या डॉक्टरकडे होतं. लसही तिथेच टोचून झाली असती. फक्त लवकर करा, तो म्हणाला, वय चढलं की घेणार नाहीत. गाडीचीही सोय झाली, एका मैत्रिणीने आपली देऊ केली. अडचण एकच होती. भुऱ्याला गाडीत बसवणं एकाच माणसाला जमतं. रानडुकराने त्याची मांडी फाडली होती तेव्हा मंजूच त्याला ऑटोत मांडीवर घेऊन देवरीला गेली होती. तेव्हा फुलवंता आमगावला माहेरी होती, आणि परतल्यावर तिने पहिलं विचारलं होतं, "माझी वाट काऊन नाही पाह्यली?"

म्हणजे कुत्रा आपल्या नावावर करून घ्यायला तिला मंजूलाच घेऊन जावं लागणार होतं. त्यासाठी आंगण ओलांडून, लोटलेल्या दाराशी उभं राहून म्हणायला हवं होतं, चल. आंगण केवढं, तर बंडी वळेल एवढं.

"मंजूले विचारून सांगतो," ती त्या मैत्रिणीला फोनवर म्हणाली. मग धान घरात यायचं होतं. मग एक लग्न निघालं. मग ऊन फार होतं.

फुलवंता, माझ्या गाडीत मागच्या सीटवर भुऱ्यासाठी पोतं अंथरलं आहे. ते मी अजून काढलेलं नाही. तू विचारून सांगणार होतीस.