खव्याच्या कढईखालचं तेल

दूध तापलं होतं, पण उकळायचं नाव घेत नव्हतं. धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीजवळच्या खवाभट्टीच्या मालकीण शालनताई हातात उलथनं घेऊन उभ्या होत्या.

"मॅडम, लाकडावर एव्हाना खवा निघाला असता की."

मी कढई उतरवून कॉलेजात परत न्यायचं ठरवलं.

मी धाराशिवला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. माझा संशोधनाचा विषय नॅनोफ्लुइड. तेलात किंवा पाण्यात डोळ्यांना दिसणार नाही इतकी बारीक पूड मिसळली, की ते उष्णता जास्त चांगली वाहून नेतं. शालनताईंना भट्टीच्या धुरानं दम लागायचा. म्हणून आम्ही दुहेरी तळाची कढई केली. सोलर आरशांनी तापवलेलं तेल पंपानं त्या दोन तळांमधून फिरायचं. दुधाशी त्याचा कुठंच संबंध नाही. तेलात मी अ‍ॅल्युमिनाची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची, तशी बारीक पूड मिसळली होती.

कॉलेजात परतल्यावर त्याच कढईला आरशांऐवजी इलेक्ट्रिक हीटर लावून आधी पूड घातलेलं आणि मग साधं तेल फिरवलं. साधं तेल माझ्या नॅनोफ्लुइडपेक्षा चांगलं चाललं.

आमचे एचओडी सर म्हणाले, "पूड वाढवून बघा. नाहीतर हे सगळं आवरा, जागा दुसऱ्या लॅबला हवी आहे."

मी फ्लोमीटर बघत होते. पूड घातल्यावर तेलाचा वेग चांगलाच उतरला होता.

"सर, पूड कमी करायला हवी."

"कमी? जास्त पूड म्हणजे जास्त कंडक्टिव्हिटी, उष्णता जास्त वाहणार. सगळे पेपर हेच सांगतात."

"ते भांड्यातल्या शांत तेलावर मोजलेलं आहे. आपलं तेल पाइपातून फिरतं. पूड जास्त झाली की ते घट्ट होतं. पंप तोच, त्यामुळे वेग पडतो. तेल नीट घुसळलंच जात नाही, उष्णता कढईपर्यंत पोचायची कशी?"

"मोजून दाखवा."

मी थोडं थोडं साधं तेल मिसळून पूड विरळ करत गेले. प्रत्येक वेळी वेग आणि तापमान मोजलं. एका टप्प्यावर आकडे साध्या तेलाच्या वर गेले. आणखी विरळ केल्यावर पुन्हा खाली आले. म्हणजे नेमकी जागा सापडली होती. तरी ताजं तेल भरून सगळं पहिल्यापासून केलं. त्या खेपेला सर स्वतः रीडिंग घ्यायला बसले. शेवटचं रीडिंग घेऊन त्यांनी चष्मा काढला.

"कढई वाशीला न्या. मीही येतो."

वाशीत ऊन कडक होतं. दूध बघता बघता उकळलं, आटू लागलं. शालनताईंचा हात थांबत नव्हता. शेवटी कढईच्या कडा सोडून खव्याचा गोळा झाला. त्यांनी चिमूट घेऊन बोटांत दाबली.

"झाला की. लई लवकर झाला. अन् डोळ्याला पाणी न्हाय."

सरांनी गरम खवा दोनदा मागून घेतला. मला इतका आनंद झाला होता, की मी खायचंच विसरले.

शालनताईंनी त्याच आठवड्यात एक लाकडाची भट्टी मोडली आणि दुसरी कढई कधी देता म्हणून फोन केला. माझा पेपरही छापून आला. त्यात आकृत्या बऱ्याच आहेत, सांगणं एवढंच: तेलात काय घातलं यापेक्षा तेल फिरतंय का, हे आधी बघावं.