कुमुदताईंच्या दुर्वांची कुंडी

कुमुदताईंशी माझं शेवटचं बोलणं झालं ते मातीबद्दल. हॉस्पिटलमध्ये भेटीची वेळ संपत आली होती, सिस्टर दारात येऊन घड्याळ दाखवून गेली होती आणि मी मनातल्या मनात काहीतरी जुळवत होते, की निघताना निदान हातावर हात ठेवावा, दोन बऱ्या गोष्टी बोलाव्यात... तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "नंदा, कुंडी ओली आहे का गं?" मी म्हटलं, "आहे हो ताई. तुम्ही आधी बऱ्या व्हा." तर तोंड वाकडं करून म्हणाल्या, "माझ्या बरं होण्याचा आणि कुंडीचा काय संबंध? बोट घालून बघितलंस की नुसतंच वरून?" दुसऱ्या दिवशी दूध तापवत होते तेव्हा माधवचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, हॉस्पिटलमधून फोन आला. "नंदा, ताई गेली," एवढंच म्हणाला. त्याची ती सख्खी मोठी बहीण. मी गॅस बंद केला, सरळ बाल्कनीत गेले आणि कुंडीत बोट खुपसलं. का, ते मला आजही सांगता येणार नाही. या गोष्टीला दीड महिना होत आला, पण अजून माझं एका जागी बूड टेकत नाही. बसले की उठावंसं वाटतं, आणि उठले की पाय बाल्कनीकडेच वळतात.

ताई दिल्लीतल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. लग्न केलं नाही. का, असं मी नवीन असताना विचारलं होतं, तर म्हणाल्या, "वेळच झाला नाही," आणि त्यांच्याकडे बघून ते खरंही वाटायचं. गुडगावात काचेच्या इमारती उभ्या राहू लागल्या, माधवला त्यातल्या एका परदेशी कंपनीत नोकरी लागली आणि आम्ही पुण्याहून बिऱ्हाड उचलून द्वारकेत ताईंच्या फ्लॅटवर आलो. तेव्हाची द्वारका म्हणजे नुसती वाळू. सोसायट्या उभ्या, नळ कोरडे, आणि टँकर आला की प्रोफेसर, मॅनेजर सगळे बादल्या घेऊन एका रांगेत. मी रोज सकाळी एकदा तरी म्हणायचे, कुठे आणून टाकलंत मला! ताई मात्र खूश. चहा उभ्यानं प्यायच्या. "अहो, बसून प्या, अंगाला तरी लागेल," असं मी रोज म्हणायचे, आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आत कप बेसिनमध्ये आणि ताई जिन्यात.

या कुंडीला कारण झालेली गोगलगाय त्यांना सापडली ती गणपतीत. आमच्या सेक्टरमध्ये जेमतेम मूठभर मराठी घरं, पण मंडळ काढलं, मूर्ती आणली. अडलं ते दुर्वांवर. त्या वाळूत कुठल्या दुर्वा? पण सोसायटीमागच्या रिकाम्या प्लॉटवर टँकर भरायचा नळ होता, तो कायम गळायचा आणि त्याच्याभोवती हिरवीगार हरळी माजली होती. आम्ही बायका तिथून पिशव्या भरून आणायचो आणि कुणाच्या तरी घरी फरशीवर बसून निवडायचो. तीन पानांची कोवळी काडी बाजूला, वाळकी फेकायची, एकवीस झाल्या की जुडी बांधायची. ताईंचा देवावर फारसा विश्वास नव्हता, पण या निवडण्याला त्या सगळ्यांच्या आधी हजर. एकेक काडी चष्म्याशी नेऊन उलटीपालटी करायच्या. मंडळातल्या आपटेवहिनी मला हळूच म्हणाल्या, "किती भाविक आहेत हो तुमच्या नणंदबाई!" मला हसू आवरेना. त्या गवतात काय शोधत होत्या ते मला ठाऊक होतं, कीटक, अळ्या, काहीबाही. आणि एकदम ताई ओरडल्याच. त्यांच्या तळहातावर तांदळाच्या दाण्याएवढा लांबट, काचेसारखा शंख होता आणि त्यातून आतलं केशरी अंग दिसत होतं. "ही पाला खात नाही," ताई म्हणाल्या. "हिचं अख्खं कुळ शिकारी. दुसऱ्या गोगलगाईच्या शंखात डोकं घालते आणि तिला आतल्या आत खाऊन टाकते." आपटेवहिनींनी हातातल्या दुर्वा खालीच ठेवल्या. आपल्याकडे गरीब माणसाला गोगलगाय म्हणतात, आणि या बाई तिचे असले पराक्रम सांगतायत!

हे कुळ त्यांनी सह्याद्रीतल्या ओल्या पालापाचोळ्यात पाहिलं होतं. दिल्लीच्या वाळूत, गळक्या नळाखाली ते भेटेल असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. "कुठल्या तरी नर्सरीच्या मातीतून आली असणार," त्या म्हणाल्या. "आपल्यासारखीच. बाहेरून आली आणि मिळेल त्या ओलीवर राहिली." त्या दिवसापासून प्लॉटवर रोज फेरी. उकिडव्या बसून दगड उलटायच्या. तिथला चौकीदार काळजीनं विचारायचा, "मॅडमजी, कुछ खो गया क्या?" ताई मान वर न करता म्हणायच्या, "अभी तक तो नहीं, भैया."

पुढे बाल्कनीत एक पसरट मातीची कुंडी आली, तिच्यात प्लॉटवरची हरळी लावली आणि चार-दोन गोगलगाई सोडल्या. आता त्यांना खायला काय? तर साध्या, गरीब गोगलगाई. जिवंत. ताई स्वतः अशा शाकाहारी की केकमध्ये अंडं आहे म्हटलं तर हात मागे घेणार, आणि कूलरमागच्या ओल्या भिंतीवरून बारक्या गोगलगाई वेचून आणून कुंडीत सोडणार! मी चिडवायचे, "स्वतः वरणभात आणि यांना रोज बळी." त्या म्हणायच्या, "मी त्यांना वरणभात वाढून बघितला. खात नाहीत." शेवटी मी निक्षून सांगितलं, घरात गणपती असेपर्यंत ही हत्या चालणार नाही. त्यांनी चक्क ऐकलं. "उपास त्यांना चालतो गं, मलाच चालत नाही," असं म्हणत ते पाच दिवस घरभर येरझाऱ्या घातल्या. शिकारीण दिसायची क्वचितच, मातीत दडलेली असायची. तिची खूण एकच. सकाळी सोडलेल्या गोगलगाईचा शंख दुसऱ्या दिवशी रिकामा, चाटूनपुसून स्वच्छ मिळायचा. मग ताई स्वयंपाकघराच्या दारात येऊन जाहीर करायच्या, "जेवली!" आमची मुक्ता दिल्लीतच वाढलेली, तिला गोगलगाय शब्द येत नव्हता, ती घोंघा म्हणायची, पण हे "जेवली" मात्र तीही शाळेत जाता जाता विचारून जायची.

मग मेट्रो येणार अशी बातमी आली आणि जमिनींच्या भावांना पंख फुटले. प्लॉटभोवती पत्रे लागले. त्याच सुमारास एका कडक उन्हाळ्यात कुंडीतल्या सगळ्या गेल्या. ताईंनी दुसऱ्या आणायला पत्र्यांपाशी बसवलेल्या नव्या चौकीदारापुढे हात जोडले, बिल्डरच्या ऑफिसात खेटे घातले. "त्या जगातून संपणार नाहीयेत, ताई," माधव वैतागून म्हणाला, "कोकणात ढिगानं असतील." ताई म्हणाल्या, "असतील. पण इथल्या, या नळाखालच्या, एवढ्याच आहेत." गणपतीच्या दुर्वांसाठी म्हणून बायकांना एक दिवस आत सोडायचं कबूल झालं. ताईंनी मुळांसकट, मातीसकट हरळीची ढेकळं पिशव्यांत भरली, ती आपटेवहिनींच्या घरी ठेवली आणि कॉलेजात परीक्षेला गेल्या. आपटेवहिनींची शिस्त मोठी. देवाला वाहायच्या दुर्वा मातीनं भरलेल्या कशा चालतील? कोबी-फ्लॉवरला करतो तसं त्यांनी मोठ्या टबात मिठाचं पाणी केलं आणि मावेल तेवढी हरळी त्यात बुडवून ठेवली. गोगलगाईला मीठ म्हणजे मरण. ताई आल्या, टब पाहिला आणि... मला वाटलं आता आकाशपाताळ एक करतील. त्यांची जीभ मला माहीत होती. पण त्या खाली बसल्या, मांडी घालून. त्यांना तसं बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. एकेक काडी साध्या पाण्यात विसळत राहिल्या. आरती झाली, प्रसाद झाला, त्या बसलेल्याच. टबात न मावलेलं एक ढेकूळ दाराबाहेर राहिलं होतं, त्यात शेवटी दोन जिवंत मिळाल्या. वहिनी रडत होत्या. ताई त्यांना म्हणाल्या, "दोन पुरतात. रडू नका, मला पाणी द्या."

त्या दोघींचीच प्रजा गेली दोन वर्षं या कुंडीत आहे. प्लॉटवर आता तीन बेसमेंटचा खड्डा आहे, तो आमच्या बाल्कनीतून दिसतो. ताई कुंडीपाशी उभ्या राहून एकदा त्या खड्ड्याकडे बघायच्या आणि एकदा मातीकडे. मला त्यांचा रागही यायचा. इतकी माया माणसांवर केली असती तर, असं एकदा मी बोलूनही गेले. त्या म्हणाल्या, "तुझ्यावर आहे की. तुला बोट घालायला सांगते ते उगाच का?"

ताई गेल्या आणि मी कुंडीला पाणी घालत राहिले, पण आत काही सोडायला माझा हात धजेना. जिवंत जीव दुसऱ्याच्या तोंडी द्यायचा, तोही आपल्या हातानं? माती चाळली तर एकही दिसली नाही. मेल्या असतील असं म्हणावं तर रिकामी कुंडी कुणी रोज ओली करतं का? मी करत होते. परवा आपटेवहिनींचा फोन आला, घसा साफ करत म्हणाल्या, "यंदा दुर्वा ताईंच्याच कुंडीतल्या वाहाव्यात, असं सगळ्यांच्या मनात आहे." मी म्हटलं, "त्यातली काडी तोडायची नाही. बाजारातून आणू," आणि माझाच आवाज ऐकून दचकले. अगदी ताईच. फोन ठेवला, कूलर पुढे ओढला, मागच्या ओल्या भिंतीवरून एक बारकी गोगलगाय उचलली, तिची मनोमन क्षमा मागितली आणि कुंडीत सोडली. त्या दिवशी मी जेवले नाही.

आज सकाळी बघितलं. हरळीच्या बुडाशी तो शंख पडला होता. उचलला तर हलका, स्वच्छ, आरपार रिकामा. "जेवली!" मी ओरडले, आणि सांगायला धावत ताईंच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. पलंगावरची चादर घडी घातलेली... मग तिथेच उंबऱ्यात उभी राहून मनसोक्त रडले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. माधवनं चहा करून आणला, म्हणाला, "अगं, बसून पी की." मी म्हटलं, "वेळ नाहीये. कूलरमागे अजून दोन-तीन असतील, ऊन यायच्या आत बघायला हवं."