पलीकडच्या ओसरीवर

बाबा पाडव्याला वीरगंजहून घरी यायला निघणार होते. आदल्या दिवशी अमावस्या होती, आणि अमावस्येला नवा माल हलवायचा नाही हा आमच्या घरचा नेम. आमच्या नाचणगावहून ते रेल्वेने रक्सौलला जायचे, पायी सरहद्द ओलांडून नेपाळातल्या वीरगंजहून रुद्राक्ष आणायचे. आई शेजारच्या बायकांसोबत त्यांच्या माळा ओवून जत्रांमध्ये विकायची.

"अमावस्येले माल कोन हलवते? पाडव्याले निघतो," बाबा फोनवर म्हणाले. "आल्यावर पुरणपोळी पाह्यजे."

"तुमच्या शुगरले इचारा आधी," आई हसली.

त्या अमावस्येला कोरोनामुळे सरहद्द बंद झाली.

मला देवाचा राग आला. असला नेम न पाळता आधीच माल घेऊन निघालेले घरी पोचले होते आणि पाळणारा अडकला होता. मी कोणाशी फारसं बोलत नाही, तेव्हाही बोलले नाही. फक्त देवापुढे दिवा लावणं सोडलं. शेजारच्या काकू कुंपणापलीकडून म्हणाल्या, "रुद्राक्षवाल्यालेच महादेव इसरला का वो?" माळा ओवायला येणाऱ्या बायका येईनाशा झाल्या. त्यांचे नवरे कामाविना घरी बसले होते आणि या दिवसभर चुलीपुढे. स्वतःच्या हातात येणारे चार पैसे गेले, याचं दुःख त्या कोणापुढे बोलत नव्हत्या.

मग एका अनोळखी बाईचा फोन आला. सुगिया तिचं नाव, राहायला वीरगंजलाच. रोज रक्सौलहून साबण, मीठ, चपला वीरगंजला आणून विकायची; तिचाही धंदा बंद होता. लॉजवाल्याने लॉज रिकामं केल्यावर बाबा सरहद्दीच्या फाटकाशी पोत्यावर बसले होते, तिथून तिने त्यांना घरी नेलं. नवरा चिडला, आजार आणशील म्हणाला. तिने बाबांसाठी ओसरीवर खाट टाकली. "हमारे मरद को चिल्लाने दीजिए दीदी, और कोई काम है क्या उसको?" ती आईला म्हणाली. आई कितीतरी दिवसांनी खुदकन हसली.

पण बाबांचं इन्सुलिन संपलं. पायाला जखम झाली होती, ती चिघळली, ताप चढला. तिकडची दुकानं धुंडाळून सुगियाने मिळेल ते औषध आणलं. नंतर फोनच लागेना.

एका दुपारी आई झोपलेली पाहून मी देवघरात गेले. मला ना स्तोत्र येत होतं, ना आरती नीट पाठ. आजवर मनात एकच मागणं होतं, बाबांना घरी आण. त्या दिवशी ते ओठांवर येईना. मी म्हटलं, घरी आणणं तुझ्या मनात नसेल, तर त्यांना एकटं ठेवू नकोस. एवढं म्हणून मी पहिल्यांदाच रडले. मी उठायच्या आत फोन वाजला.

"बिटिया, बाबूजी के कान पे फोन रखा है. बोलो."

मी आईला हलवून उठवलं. आई म्हणाली, "अवो, मी हावो ना इथं. भेऊ नका." तिने फोन माझ्याकडे दिला. पलीकडे श्वास ऐकू येत होता. मग मी 'नमः शिवाय' म्हणत राहिले, तेवढंच येत होतं म्हणून. खूप वेळाने सुगिया हळूच म्हणाली, "बस बिटिया. गंगाजल हमने दे दिया."

ओसरीवर नको म्हणणाऱ्या तिच्या नवऱ्यानेच बाबांना अग्नी दिला.

सरहद्द उघडल्यावर आम्ही दोघी गेलो. बाबांना अग्नी दिला होता तिथे, नदीकाठी, सुगिया घेऊन गेली. तिथे काहीच खूण नव्हती. कोणीतरी भोपळ्याचा वेल लावला होता. आई बराच वेळ पाण्यात हात बुडवून बसली. मग तिने सुगियाला जवळ ओढलं. "माय कोन आन् बहीन कोन, मले आता समजून नाई राह्यलं," ती म्हणाली. सुगियाला शब्द कळले नसतील, पण तिने आईचे ओले हात आपल्या पदराने पुसले.

फोन त्याच वेळी का वाजला, मी कोणाला विचारत नाही. बाबा आले नाहीत, आणि ते दुःख अजून जेवताना, झोपताना घरात असतं. तरी शेवटी त्यांच्या उशाशी कोणीतरी होतं. मी आता दिवा लावते. हात जोडते, आणि काय द्यायचं ते त्याच्यावर सोडते.