प्रवेशमूल्य एक चूक

बालाघाटला रविवारी सकाळी आठ वाजता अलकनंदाबाईंच्या ओसरीत शिरायचे, तर हातात एक चूक असावी लागे. चूक स्वतःची हवी, याच आठवड्यातली हवी आणि रसायनशास्त्रातलीच हवी. दाराशी उभे राहून ती मोठ्याने वाचून दाखवायची, बाई ती आपल्या जाड वहीत उतरवून घेत, आणि मग सतरंजीवर बसायला जागा मिळे. पैशाचा प्रश्नच नव्हता. सरकारी मुलींच्या शाळेत एकतीस वर्षे रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर बाईंनी एवढेच ठरवले होते, की अकरावीच्या मुलामुलींकडून युनिट टेस्टची तयारी करून घ्यायची, आणि ती उत्तरांवरून नव्हे, चुकांवरून. बरोबर उत्तर गाइडमध्येही मिळते. चूक मात्र ज्याची त्यालाच करावी लागते, असे त्यांचे मत होते. या मतात एक भोक होते. ते बाईंना दिसायला ऑक्टोबर उजाडला.

त्यांच्या कौतुकाची तऱ्हाही उलटीच होती. बरोबर उत्तरावर त्या नुसती मान हलवत. चूक नामी निघाली, तर मात्र चेहरा उजळे. ‘वा! अशी चूक मी दहा वर्षांत पाहिली नव्हती,’ असे उद्गार त्यांच्या तोंडून निघाले, की ते मूल आठवडाभर छाती काढून हिंडे.

या न्यायालयात सर्वांत मोठा अन्याय कुशलवर होत असे. कुशल चुका करत नसे, कारण तो काहीच करत नसे. गाइड उघडायचे, उत्तर वहीत उतरवायचे, गाइड मिटायचे. त्याच्या वहीत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकही चूक नव्हती. लागोपाठ दोन रविवार बाईंनी त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवले. दुसऱ्या रविवारी दुपारी त्याच्या आईचा फोन आला. आवाजात काळजी होती.

‘मॅडम, आमच्या कुशलनं काय चूक केली?’

‘काहीच नाही,’ बाई म्हणाल्या. ‘म्हणून तर घरी पाठवला.’

तिसऱ्या रविवारी कुशल आला तो देखणी चूक घेऊनच. अर्धा मोल ऑक्सिजन वायूचे वजन काढायचे होते. सूत्र बरोबर, मांडणी बरोबर आणि शेवटच्या पायरीवर वायूच्या रेणूऐवजी एकट्या अणूचे वजन घेतलेले. सोळा ग्रॅमच्या जागी आठ. बाईंनी त्याच्या पाठीवर थाप मारली. पोरगा अखेर स्वतःच्या डोक्याने चालू लागला, या समाधानात त्यांनी त्या दिवशी चहात साखर जास्त घातली.

सप्टेंबरभर पीक चांगले आले. नूतनने अमोनियाचा रेणू चौकटीत बसवल्यासारखा सपाट काढला. प्राचीने नायट्रोजन-हायड्रोजनच्या गणितात कमी पडणारा वायू अचूक ओळखला आणि अमोनियाचे वजन मात्र दुसऱ्याच वायूवरून काढले. बाई दुपारच्या चहाला ही वही यजमानांना, मुकुंदरावांना, वाचून दाखवत. मुकुंदराव एका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. रसायनशास्त्राशी त्यांचा संबंध सोड्यापुरता. पण कागद वाचण्यात त्यांचे आयुष्य गेले होते.

‘एवढी नीटनेटकी चूक माणूस चुकून करत नाही,’ एके दिवशी ते बशी खाली ठेवत म्हणाले.

‘म्हणजे?’

‘आमच्याकडे दौऱ्याच्या डायऱ्या येत. खरा दौरा केलेल्या माणसाची डायरी कशी, तर सायकल पंक्चर, फाटक बंद, गावात कोणी भेटलं नाही. न केलेला दौरा मात्र नेहमी व्यवस्थित पार पडे. तुझी मुलं फार व्यवस्थित चुकतात, अलका.’

बाई हसल्या नाहीत. त्या रात्रीच्या स्वयंपाकाला उठायच्या आधी त्यांनी वही पुन्हा पहिल्यापासून चाळली. जुलै-ऑगस्टच्या चुका अस्ताव्यस्त होत्या. कोणी चिन्हच गाळलेले, कोणी बेरीज चुकलेली, कोणी प्रश्न अर्धाच वाचलेला. सप्टेंबरपासून मात्र प्रत्येक चूक शेवटच्या नाहीतर त्याच्या आधीच्या पायरीवर घडत होती आणि तोवरचा रस्ता स्वच्छ होता. मुले निरनिराळी होती, हस्ताक्षरे निरनिराळी होती. चुकणारे डोके मात्र एकच होते.

युनिट टेस्ट मंगळवारी होती. आदल्या रविवारी कुशलने चूक वाचून दाखवल्यावर बाईंनी त्याला दारातच थांबवले.

‘हे लिहिताना तुझ्या मनात काय आलं होतं?’

‘कब, मॅडम?’

‘चूक करताना.’

कुशलने छताकडे पाहिले. ‘वो... म्हणजे... चुकून झालं, मॅडम.’

‘ते कळलं. पण चुकायला सुद्धा काहीतरी वाटावं लागतं. तुला काय वाटलं?’

कुशलला काहीच वाटले नव्हते. त्याने आत सतरंजीवर बसलेल्या खुशीकडे पाहिले. नूतननेही खुशीकडे पाहिले. प्राचीने पाहिले नाही, पण ती इतक्या निश्चयाने जमिनीकडे पाहू लागली, की त्याचा अर्थही तोच झाला.

खुशी राजेगावहून पहिल्या बसने येई. तिचे वडील भैयालाल धानाची शेती करत. पहिल्या युनिट टेस्टमध्ये तिला पंचवीसपैकी सहा गुण मिळाले होते. दुसरीतही पंधराच्या आत राहिली, तर विज्ञान सोडून कला शाखा घ्यायची, असे घरी ठरले होते. कला शाखा ही काही शिक्षा नव्हे. परंतु ज्या दारातून आत जायची इच्छा नाही, ते दार कितीही सुंदर असले तरी ढकलून आत घातलेल्याला त्याची शोभा दिसत नाही. खुशीला शिकवणी लावणे घरच्यांना शक्य नव्हते. तिच्यासाठी ही ओसरी होती, आणि ओसरी गेली तर काहीच नव्हते.

ती उठून उभी राहिली. ‘मॅडम, मीच बनवून देत होती.’

‘काय?’

‘चुका. यायले सापडत नव्हत्या. तं मी म्हटलं, मी देतो बनवून.’

‘फुकट?’

‘एका चुकीले एक समोसा,’ कुशलने प्रामाणिकपणाची संधी साधली. ‘समीकरण असेल तर चटणीसोबत.’

‘आणि तुझ्या स्वतःच्या चुका, खुशी?’

‘पयले खऱ्याच होत्या, मॅडम. मंग सापडेनाशा झाल्या. तं माझीबी एक बनवत जावो.’

‘काहून बनवत होतीस?’ रागात बाईंच्या तोंडून गावाकडचा शब्द निघून गेला.

‘तुमी आत येऊ देत नव्हत्या ना बिनचुकीच्यायले!’ खुशी आता बोलतच सुटली. ‘आन् सोपं नाही ते, मॅडम. खरी चूक करायले काही लागत नाही. खोटी करायले पुरा धडा वाचा लागते. जरा जास्त चुकलं तं तुमी म्हनता, मूर्खपणा आहे. कमी चुकलं तं उत्तर बरोबर येते!’

ओसरीत कोणीतरी फिसकन हसले. बाई आत स्वयंपाकघरात गेल्या. तिथे मुकुंदराव विनाकारण पाणी पीत उभे होते. म्हणजे त्यांनी सगळे ऐकले होते.

‘काढून टाकणार पोरीला?’

‘खोटं बोलली आहे. शाळेत असताना मी एकदा अख्ख्या वर्गाच्या प्रयोगवह्या परत केल्या होत्या. सगळ्यांची निरीक्षणं एकमेकींची उतरवलेली. तेव्हा कोणाचं घर पाहिलं नव्हतं, गाव पाहिलं नव्हतं.’

‘खरं आहे,’ मुकुंदराव म्हणाले आणि आणखी एक पेला भरून घेतला.

बाई ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. असत्य ते असत्य; त्याला समोशाची चटणी लावल्याने ते गोड होत नाही. पण या असत्याची मागणी कोणी निर्माण केली होती? सत्तेच्या जागी बसलेला माणूस ज्या गोष्टीवर दार उघडतो, तीच गोष्ट लोक घडवून आणतात. दाखला मागितला की दाखला तयार होतो. आपण पश्चात्ताप मागितला असता, तर या मुलांनी अश्रूही रांगेत आणून दिले असते. चूक ही माणसाच्या हातून निसटणारी वस्तू. तिला आपण दारावरचे तिकीट केले, आणि मग खोट्या तिकिटांचे आश्चर्य करत बसलो. दोष दोघांचा होता. खुशीच्या वाट्याचा दोष माफ करावा, असे त्यांना तरीही वाटेना.

त्या बाहेर आल्या.

‘समोसे एकूण किती झाले?’

‘अकरा, मॅडम.’

‘पोट बिघडलं नाही?’

‘बसमधी वाटून खाल्ले.’

‘ठीक. आता अकराही चुका परत घ्यायच्या. ज्याला जी दिली, त्याच्यासमोर बसायचं. ती चूक खऱ्या माणसाच्या हातून का घडते, ते त्याला पटेपर्यंत सांगायचं आणि मग ती मोडून दाखवायची. त्याला स्वतःला करता आली आणि स्वतःला दुरुस्त करता आली, की सुटलीस. आणि यापुढे आत यायला काही लागणार नाही. रिकाम्या हाताने या.’

‘समोसे बी वापस करा लागते का?’

‘ते तुझ्या सद्सद्विवेकबुद्धीवर सोडते.’

कुशल चटकन म्हणाला, ‘मॅडम, इसको बुद्धी बहुत है, विवेक का पता नहीं.’ खुशीने त्याला कोपर मारले.

दुपारी एकपर्यंत ओसरीत जो गोंगाट चालला, तसा बाईंच्या शिस्तीत कधी झाला नव्हता. ‘अरे, दोन अणूची जोडी आहे ना ऑक्सिजनमधी! एकट्याले काहून तोलतं?’ खुशी कुशलवर ओरडत होती, आणि कुशल चक्क उलट विचारत होता, की जोडी आहे हे प्रश्नात कुठे लिहिले आहे. त्याने विचारलेला तो पहिला प्रश्न. बाईंना करायला काही उरले नाही. त्या कोपऱ्यात खुर्चीवर बसून मेथी निवडत राहिल्या. एकतीस वर्षांत आपल्यावाचून वर्ग चालताना पाहण्याची त्यांना सवय नव्हती, आणि ते दृश्य आवडले असेही म्हणता येणार नाही.

पेपर तपासून यायला दहा दिवस लागले. रविवारी राजेगावची बस उशिरा आली. खुशी धावतच ओसरीत शिरली आणि उत्तरपत्रिका बाईंच्या हाती दिली. पंचवीसपैकी सोळा.

‘बाबा काय म्हणाले?’

‘म्हनले, एकच जास्त आहे. पन आहे. आता विज्ञानच ठेव म्हनते.’

बाईंनी मान हलवली. गुण जिथे मिळाले, ती पाने त्यांनी भराभर उलटली. गेलेले नऊ शोधू लागल्या. मोलच्या गणितात पूर्ण गुण होते. रासायनिक बंधांत पूर्ण. आवर्त सारणीत दोन गेलेले. अणुरचनेच्या प्रश्नाला मात्र सातपैकी शून्य होते, आणि तिथे चूकही नव्हती. पान कोरे होते.

‘हे काय? या धड्यात तर नूतनलाही चार आहेत.’

खुशी ओशाळली. ‘त्या धड्याची कोनं ऑर्डरच देल्ली नाही, मॅडम. अणुरचनेत सबच्या चुका घरच्याच होत्या. बनवून मांगायची गरजच नाही पडली. तं मी वाचलाच नाही तो.’

आत मुकुंदरावांना ठसका लागला. बाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले, कारण शिक्षकाने कोणत्या गोष्टीला हसावे याबद्दल त्यांची काही तत्त्वे होती. पण खांदे हलायचे थांबेनात. थोड्या वेळाने त्यांनी पुस्तक उघडून तिच्यापुढे ठेवले.

‘बस. क्रोमियमपासून सुरुवात कर. चोवीस इलेक्ट्रॉन आहेत, एकेक करून मांड.’

खुशीने पेन्सिल घेतली. अठराव्यापर्यंत ती न थांबता लिहीत गेली. पुढचे सहा कुठे ठेवायचे, तिथे मात्र तिचा हात खरोखरच अडला. बाईंनी खुर्ची जवळ ओढली आणि वाट पाहत बसल्या.