इड्वलचं वजन

मेरेरिड डोंगराकडे निघाली की वेल्समधलं ते अख्खं खोरं क्वाडच्या आवाजावरून ओळखायचं. जाड चाकांची ती जुनाट गाडी चढाला लागली, की लोक म्हणायचे, "निघाली बाई!" बाई साठी उलटलेली, पण नाकावर माशी बसू द्यायची नाही. थंडीच्या आधी सगळे शेजारी मिळून डोंगरावरची मेंढरं खाली हाकून आणायचे. त्या दिवशी डोंगराच्या फाटकाशी जो पहिला पोहोचेल, त्याला मेंढरं हाकायला सगळ्यात वरची धार, म्हणजे डोंगरमाथ्याची कड, मिळायची. ती आजवर कायम मेरेरिडची. शेजारच्या इड्वलने मात्र यंदा नवी कोरी क्वाड घेतली होती, आणि त्याचा धारेवर डोळा होता.

नेमकी आत्ताच मेरेरिडच्या गाडीची चेन सैल पडली. आदल्या संध्याकाळी तिने मागच्या चाकांच्या आसाचे बोल्ट ढिले केले, आस मागे सरकवला आणि चेन अशी ताणली, की तारेसारखी वाजावी. स्वतःवर जाम खूश होऊन ती झोपली.

सकाळी ती बसली, मागे नेल कुत्री बसली, पुढे खाद्याचं पोतं. गाडी चार हात गेली, किंचाळली आणि अडकून बसली. मेरेरिडने उतरून खाली वाकून पाहिलं. चेन तिने रिकाम्या गाडीवर ताणली होती! वजन पडलं, की मागचं अंग दबतं आणि चेन आणखी ताणली जाते. आता वजन ठेवूनच ती नीट करायला हवी होती. पण गाडीवर बसायचं आणि खाली पाना फिरवायचा, हे एकटीला कसं जमणार?

तेवढ्यात इड्वल अंगणात येऊन थांबला. "काय गं, यंदा पायी का?"

"तुझं वजन किती रे?"

"आं?"

"बैस इथे. नेलला मांडीवर घे, पोतं पुढे राहू दे. पोतं आणि नेल मिळून मी, असं समज."

"वेडी का खुळी तू? मला फाटकाशी जायचंय."

"कालच भाजलेला 'बारा ब्रिथ' पाव आहे. लोणी लावून देते."

मनुका घातलेल्या त्या पावापुढे इड्वलचं कधी काही चाललंच नव्हतं. तो पाव हातात घेऊन बसला. मेरेरिडने आस पुढे घेतला, चेन दोन बोटं खालीवर हलू लागली, तसे तिने बोल्ट आवळले.

"उतरू?" इड्वलने भरल्या तोंडाने विचारलं.

"खबरदार! चेन आता तुझ्या-माझ्या दोघांच्या वजनावर बसवलीय!" पोतं खाली भिरकावून, नेलला हाकलून, त्याला मागे ढकलून मेरेरिड पुढे चढली आणि सुसाट सुटली. नेल भुंकत मागे. इड्वलची नवी क्वाड तिच्या अंगणातच.

"चोर! थांब! माझा पाव पडला!"

"पडू दे!" मेरेरिड हसतच सुटली. तिला इतका आनंद झाला होता, की तिने विनाकारण हॉर्न वाजवला. चेन गुमान फिरत होती.

फाटकाशी जमलेले शेजारी पोट धरून हसले. इड्वल म्हणाला, "एकाच गाडीवर आलो. दोघं पहिले."

"माझं नाक पुढे होतं."

"बरं बाई, धार तुझी. पण मी काय इथे उभा राहू?"

मग तो तिच्यामागेच, नेलच्या जागेवर बसून धारेवर गेला. खाली सगळं खोरं उन्हात पडलं होतं. इड्वल मेंढरं हाकायची शीळ घालायचंही विसरला.

"काय रे, मिळाली ना एकदाची धार?"

"मिळाली," तो म्हणाला. "पुढच्या वर्षीही चेन सैल पडू दे."