अकरा फुटांवरचं पाणी

आमच्या गल्लीतल्या पानाकाकांना रागीट म्हणणं म्हणजे विस्तवाला कोमट म्हणण्यासारखं. चौतीस वर्षं नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात फिटर होते. नळ आवळायचा पाना निवृत्तीनंतरही खिशात असायचा, म्हणून ते नाव. काकू म्हणायच्या, "यांचा व्हॉल्व्ह जन्मापासूनच गळका आहे. मी आवळून आवळून थकले."

पण गेल्या वर्षीचा राग तसा नव्हता. तो त्यांच्या थोरल्या बहिणीपासून सुरू झाला.

ताई शाळेत शिपाई होत्या. निवृत्त झाल्यावर भावाकडेच राहायला आल्या. रिकामं बसायची सवय नव्हती. तेवढ्यात नगरपालिकेने आमच्या वस्तीमागची, जुन्या गोदामापाठची पडीक जागा रहिवाशांना भाजी लावायला दिली. फीत कापली, फोटो निघाले, 'सामूहिक भाजीबाग' असा हिरवा फलक लागला. मग साहेब लोक गेले आणि उरलो आम्ही आणि ढीगभर विटांचे तुकडे. सव्वीस घरांनी दोन महिने ते तुकडे वेचले. गोदामाची कुलपं गंजलेली, आत झाडू ठेवायलाही जागा मिळेना. फावडी रोज घरून न्यायची नि घरी आणायची. तरी वाफे झाले. ताईंनी कोपऱ्यातला वाफा घेतला आणि त्यात घेवडा लावला.

सगळं होतं, फक्त पाणी नव्हतं.

भिंतीपलीकडे नगरपालिकेचं उद्यान. त्यात कारंजं, सकाळी सातपासून अंधार पडेपर्यंत थुईथुई. त्याची पाइपलाइन भिंतीपासून बरोबर अकरा फुटांवर. काकांना ते पक्कं माहीत होतं, कारण ती लाइन त्यांनीच टाकली होती.

ते अर्ज घेऊन गेले. खिडकीतल्या कारकुनाने तो उलटसुलट केला.

"जोडणी कसली? घरगुती, व्यापारी, का औद्योगिक?"

"भाजीची."

"भाजी असा रकाना नाही."

"मग काढा."

"रकाना काढायचा अधिकार मला नाही, काका."

पाणीपुरवठा म्हणालं, जागा मालमत्ता खात्याची, त्यांचं पत्र आणा. मालमत्ता म्हणालं, झाडं आली म्हणजे उद्यान खातं. उद्यान म्हणालं, भाजी हे झाड नव्हे. टोलवाटोलवीत सात महिने गेले. पाणीपुरवठ्याचा उपअभियंता काकांच्याच हाताखाली काम शिकलेला. तो चहा पाजायचा, तब्येत विचारायचा आणि म्हणायचा, "बघतो." काका घरी येऊन काकूंवर ओरडायचे. काकू म्हणायच्या, "मी नाही हो उपअभियंता."

तोवर सगळे घरून पाणी नेत होते. ताई सत्तरी ओलांडलेल्या. दोन्ही हातांत दोन डबे घेऊन, जिना उतरून, रस्ता ओलांडून रोज दोन खेपा. काका म्हणाले, मी आणतो. ताई म्हणाल्या, "तू अर्ज कर. पाणी माझं मी बघते."

एका सकाळी रस्त्याच्या कडेला त्यांचा पाय घसरला. डबे गडगडत गेले, आणि खुब्याचं हाड मोडलं.

इस्पितळात काका पलंगाशी बसले होते. एरवी त्यांनी डॉक्टरपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना फैलावर घेतलं असतं. त्या दिवशी नुसती ताईंची चादर सारखी करत राहिले. गुंगी उतरल्यावर ताईंनी पहिलं विचारलं, "घेवड्याला पाणी घातलं का रे कुणी?"

काका उठले आणि बाहेर गेले. जिन्यात भिंतीवर मूठ आपटली. मी पाठोपाठ होतो. म्हणाले, "अकरा फूट. कळतंय का तुला? अकरा फूट! मी पाइप टाकला तेव्हा एक तोंड इकडे काढून ठेवलं असतं तर दहा मिनिटांचं काम होतं." तेव्हा कळलं, त्या रागातला निम्मा स्वतःवरचा होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नगरपालिकेच्या आवक टेबलावर पत्र दिलं. मी ते वाचलंय. 'सोमवारी सकाळी अकरा वाजता मी कारंज्याच्या लाइनला टी (तीन तोंडांचा जोड) टाकून भाजीबागेला नळ जोडणार आहे. अडवायचं असल्यास वेळेवर यावे.' खाली सही, हुद्दा, निवृत्त. शिक्का मारून घेतला.

सोमवारी अकराला कुणी आलं नाही. काकांनी व्हॉल्व्ह बंद केला, कारंजं बसलं. खणलं, पाइप कापला, टी बसवली, भिंतीखालून नळ आणला. उद्यानाचा रखवालदार धावत आला. त्याला शिक्का दाखवला, तो डोकं खाजवत परत गेला. व्हॉल्व्ह उघडला. नळ दोनदा खोकला आणि पाणी आलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

"टाळ्या कसल्या वाजवताय?" काका खेकसले. "बादल्या धरा!"

पण कारंजं आता दोन फूट खाली आलं होतं. आणि गंमत बघा, ज्यांना सात महिन्यांत, माणूस पडलं तरी जाग आली नव्हती, ते कारंजं दोन फूट पडल्यावर तासाभरात हजर झाले. गाडी आली, माणसं आली. नळ कापला, तोंडावर बूच मारलं. मारणारे काकांचे जुने सहकारी. एकाने मान वर केली नाही. काकांच्या हातात पाणीचोरीची नोटीस दिली.

चोरी! चौतीस वर्षं ज्याने गावाला पाणी पाजलं, त्याला चोर! काका इतके शांत झाले की काकू घाबरल्या. म्हणाल्या, "ओरडा हो एकदा, बरं वाटेल."

ते ओरडले नगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेत. सव्वीस घरं मागच्या बाकांपाशी उभी. अध्यक्षबाई म्हणाल्या, आपण बेकायदा जोडणी केलीत, खेद व्यक्त करा, विषय मिटवू.

"खेद?" काका म्हणाले. "मला एकच खेद आहे, सात महिने थांबलो. जागा दिलीत म्हणून मिरवलंत. जागा तर उंदरांनाही मिळते! जागेला पाणी द्या. करार द्या, असा की माणूस वर्षाच्या पुढचं लावू शकेल. अवजारं ठेवायला ते गोदाम उघडा, कुलपं गंजलीत. उद्यानातला पालापाचोळा पेटवून धूर काढता, तो आम्हाला द्या, आम्ही खत करू. आणि कुठल्या खिडकीवर जायचं ते एकदाच सांगा. एक खिडकी, एक माणूस! माझी बहीण तुमच्या रकान्यात बसत नव्हती, म्हणून आज पलंगावर पडून आहे."

मग उपअभियंता उभा राहिला. चेहरा पडलेला. म्हणाला, "पत्र आलं होतं, बाई. माझ्या टेबलावर तीन दिवस होतं. मी वाचलं नाही."

काकांनी त्याच्याकडे पाहिलं. "आता तरी खरं बोललास," एवढंच म्हणाले. माफ केलं असं मात्र कुणी समजू नये.

पाणीचोरीची तक्रार मागे घेतली गेली. माफीच्या कागदावर काकांनी सही केलीच नाही. रीतसर नळ यायला आणखी पाच आठवडे लागले. तेवढ्यात निम्मे वाफे करपले, ताईंचा घेवडाही. अर्जात 'सामूहिक लागवड' असा रकाना आला. पालापाचोळ्याची गाडी दर शनिवारी येते, गोदामाची एक खोली उघडली. करार पाच वर्षांचा मागितला होता, तीन वर्षांचा मिळाला. नळाजवळ फोटो काढायला साहेब आले, तेव्हा काका घरी दार लावून बसले.

ताई आता काठी धरून खिडकीपर्यंत येतात, त्यापुढे नाही. त्यांचा वाफा काका करतात, आणि वाईट करतात. ताईंना शेंगा नेऊन दाखवल्या की त्या म्हणतात, "जून झाल्यात. दोन दिवस आधी तोडायच्या." काका गुरगुरतात, पण पुढच्या वेळी दोन दिवस आधी तोडतात.

परवा ताई म्हणाल्या, "नळ आला ना? सोड आता तो राग."

काका टेबलाशी बसून करार वाढवून मिळावा म्हणून अर्ज लिहीत होते. मुदत संपायला दोन वर्षं बाकी आहेत. मान वर न करता म्हणाले, "सोडला तर दोन वर्षांनी भांडायला कोण जाईल? तू?"

"जाईन की," ताई म्हणाल्या. "खुर्ची उचलायला दोन माणसं दे."

काकांनी अर्जाच्या खाली अर्जदार म्हणून आपल्या सहीशेजारी ताईंच्या सहीसाठी जागा सोडली.